कुणालाही लागणारी पिन

शाल्मली इंगवले माणसांचे हात बघण्याचा पगार घेत असे. बाणेरच्या ज्या कंपनीत ती होती तिथे मोबाईलपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला लागणाऱ्या चार्जिंगच्या पिना तयार होत, आणि पिन हातात आल्यावर माणूस तिचं नेमकं काय करतो हे पाहणं हे तिचं काम. हुद्द्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. तिची आई छायाताई इचलकरंजीत सगळ्यांना सांगे, "शालू पुण्यात लोकांचे हात बघती." ते ऐकून शेजारच्या शैलाकाकूंनी एकदा आपल्या मुलाचं लग्न कधी जमेल असं तिला अगदी मनापासून विचारलं होतं.

भविष्य नाही, पण माणसाच्या स्वभावाबद्दल हातांनी तिला पुष्कळ शिकवलं होतं. जुन्या पिनांचा काळ तिने लहानपणी पाहिला होता. पिन पहिल्यांदा लावली की उलटी, फिरवून लावली तरी उलटी, आणि पुन्हा पहिल्यासारखी धरली की मात्र मुकाट्याने आत जायची. हा अनुभव घेतला नाही असा माणूस त्या काळात सापडला नसता. घरात चार फोन असले तर वायरी पाच, आणि हवी ती नेमकी सापडत नसे. म्हाताऱ्या माणसांचे तर हालच. पिन लागत नाही म्हणून जोर लावायचा, जोर लावला की आतली पट्टी वाकायची, आणि मग मुलगा किंवा सून घरी येईपर्यंत फोन मेलेला.

मग शाल्मलीच्या कंपनीचा सांधा आला. शर्टाच्या बटणाएवढी मऊ चकती. तिच्या रबरी सालीखाली, साध्या हवेतही पातळ राहणाऱ्या धातूचे बारीक थेंब असत. चकती यंत्राला टेकवली की समोरची संपर्काची जागा ते थेंबच हुडकत, तिथे पसरत आणि जोड पक्का करत. त्याला वरची बाजू नव्हती, खालची नव्हती, शिरायला भोक लागत नव्हतं. धक्का लागून सरकला तर आपला आपणच परत चिकटे.

जोड झाला की दोन्ही यंत्रं एकमेकांची चौकशी करत. कंपनीत या चौकशीला 'रामराम' म्हणत. तू कोण, तुझ्यात किती आहे, तुला किती झेपेल, एवढं बोलणं पापणी लवायच्या आत उरकायचं आणि भरलेल्या यंत्रातून रिकाम्या यंत्राकडे वीज वाहू लागायची. त्यासाठी भिंतीतलं बटणच हवं असं नव्हतं. स्कूटर फोनला देई, फोन दुसऱ्या फोनला देई, आजोबांच्या कानातलं यंत्र नातीच्या घड्याळावर चालून जाई. देणाऱ्याने स्वतःजवळ निम्मं राखायचं, एवढा एकच नियम होता.

सुरुवातीच्या सांध्यावर एक इवलासा उजेडाचा बाण होता. वीज कुठून कुठे चालली आहे ते तो दाखवी. शाल्मलीने एसटी स्टँडवर, दवाखान्यांच्या बाहेर, कॉलेजांच्या कट्ट्यावर बसून माणसांचे हात पाहिले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाण आपल्याकडून निघालेला दिसला की हात आखडतो. ज्याला देतोय तो ओळखीचा असला तरी आखडतो. तिने बाण काढायला लावला. "वापरणाऱ्याला विचार करावा लागू नये," हे तिचं वाक्य कंपनीने भिंतीवर रंगवून घेतलं. बाण गेला आणि लोक खरंच विचार करेनासे झाले. बसमध्ये अनोळखी माणूस "जरा टेकवू का?" म्हणायचा आणि समोरचा बोलणं न थांबवता फोन पुढे करायचा. पाणी मागितल्यावर देतात तसं. या गोष्टीचा शाल्मलीला फार अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

छायाताईंच्या हृदयाने मध्येच हात टेकले, तेव्हा या अभिमानाला घरचं कारण मिळालं. मोठा झटका येऊन गेला. त्या वाचल्या, पण हृदयात जोर उरला नाही. डॉक्टरांनी छातीत छोटा पंप बसवला. पंपाची वायर पोटापाशी बाहेर येई आणि कमरेच्या पट्ट्यातल्या बॅटरीला कायमची जोडलेली असे. पूर्वी असल्या पट्ट्यांच्या पिना ज्याच्या त्याच्या वेगळ्या असत, आणि ऐन वेळी योग्य वायर सापडली नाही म्हणून दवाखान्यांत धावपळ उडे. आता पट्ट्यावर चार्जिंगसाठी सांधाच आला होता. डॉक्टरांनीच आग्रह धरून पट्ट्याला देण्याचीही मुभा ठेवली होती, म्हणजे अडचणीच्या वेळी एका रोग्याचा पट्टा शेजारच्या रोग्याला उपयोगी पडेल.

"पुण्याला चल," शाल्मली म्हणाली होती.

"आणि करू काय तिथं? तुझ्या लिफ्टमधनं खाली-वर?" छायाताई म्हणाल्या. "माझं घर हाय, माझं भजन हाय, शैला हाय. पट्टा भितीला टेकवायचा, झोपायचं. त्याला काय लागतंय? मी काय कुणाच्या गळ्यात पडून जगायची न्हाई, शालू. तुझ्या पण न्हाई."

त्यांनी तसं करून दाखवलं. पलंगाशेजारच्या भिंतीवर सांधा बसवला होता. निजताना कूस वळवली की पट्टा त्याला चिकटे. डोळे मिटलेले असले तरी चाले. आई स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिवावर राहते आहे आणि ते आपल्या पिनेमुळे, या विचाराने शाल्मलीला बरं वाटे. इतकं दुसऱ्या कशाने वाटत नसे.

त्या एकादशीला दुपारी मारुतीच्या देवळात महिला मंडळाचं भजन होतं. छायाताई पुढे बसून सांगणाऱ्या, बाकीच्या मागून म्हणणाऱ्या. पेटी होती, टाळ होते, ढोलकी होती आणि मंडळाने हौसेने घेतलेला मोठा स्पीकर होता. भजन रंगात आलं आणि वीज गेली. थोडा वेळ स्पीकर स्वतःच्या बॅटरीवर चालला, मग आवाज खरखरायला लागला. सुरू केलेलं भजन मध्ये तोडायचं नाही, ही त्या मंडळाची रीत. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. छायाताईंनी गाता गाताच कमरेचा पदर बाजूला केला.

"छायाताई, अहो ते पंपाचं हाय," शैलाकाकू कानाशी येऊन म्हणाल्या.

"लेकीनं केलंय माझ्या," छायाताई दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हणाल्या. "कुणाला किती द्यायचं ते त्याला कळतंय." आणि स्पीकर जवळ ओढून त्यांनी पट्टा त्याला टेकवला.

निम्मं देऊन पट्टा थांबायला हवा होता, आणि तो थांबलाही. पण ढोलकीची प्रत्येक थाप स्पीकरमधून धम्म करून निघे आणि त्या हादऱ्याने सांधा केसभर सरके. सरकला की परत चिकटे, तसाच तर तो बनवला होता. परत चिकटला की नवा रामराम. यंत्रांना मागचं काही आठवत नसे. तू कोण, तुझ्यात किती आहे, निम्मं राख, बाकीचं दे. मग उरलेल्यातलं निम्मं, आणि त्या निम्म्यातलं निम्मं. स्पीकर दणदणीत वाजत होता. वीज कुठून कुठे चालली आहे हे सांगणारा बाण कुणीतरी पूर्वीच काढून टाकला होता. पट्टा शिट्ट्या मारत होता, पण तेवढ्या टाळांच्या गजरात त्या कुणाच्या कानावर जाणार? छायाताईंचा आवाज एकदा खाली आला, सगळ्यांना वाटलं दम लागला असेल, आणि मग त्या पेटीवर आडव्या झाल्या.

टाळ थांबले तेव्हा शिट्टी ऐकू आली. शैलाकाकूंनी पट्टा स्पीकरपासून ओढला, स्वतःचा फोन त्यावर टेकवला आणि ओरडल्या, "फोन द्या गं समद्या!" फोनांची रास झाली. एकावर एक, कसेही, उलटे-पालटे. कुणाचा कुठल्या कंपनीचा हे बघावं लागलं नाही. पंप परत सुरू झाला. तेवढ्या वेळात पंपात थांबलेल्या रक्ताची एक बारीक गुठळी झाली होती, ती मेंदूकडे गेली.

छायाताई जगल्या. उजवा हात गेला आणि गळ्यातलं गाणं गेलं. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द आणायला त्यांना आत कुठेतरी लांब जावं लागे.

कंपनीत निरंजनने चूक लगेच शोधली. निरंजन तिचा साहेब, आणि मित्रही. "रामरामाचा हिशोब चुकत होता," तो म्हणाला. "आता पट्टा आधी किती दिलं ते लक्षात ठेवेल. दुरुस्ती सगळ्या पट्ट्यांत गेलीसुद्धा. असं पुन्हा होणं शक्य नाही."

"हेच पुन्हा होणार नाही. दुसरं काहीतरी होईल," शाल्मली म्हणाली.

"शाल्मली, तू खचली आहेस. थोडे दिवस घरी थांब."

"पूर्वी पंपाची पिन फोनला लागतच नव्हती," ती म्हणाली. "त्या पिनेला अक्कल नव्हती, पण तिचा आकारच वेगळा होता. आकार चुकत नाही, निरंजन. त्याला दुरुस्ती लागत नाही. आपण तो आकार पुसून टाकला, त्या जागी बोलणारी यंत्रं ठेवली आणि वरचा बाण मी काढला."

"त्या बायकांचे फोन लागले म्हणून तुझी आई आहे, हे विसरतेस."

ती विसरली नव्हती. तिला ते ऐकायचं नव्हतं.

हेच बोलणं तिला घरीही ऐकावं लागलं. ती इचलकरंजीला गेली तेव्हा छायाताई दवाखान्यातून घरी आल्या होत्या आणि हट्टाने एकट्याच राहत होत्या. शैलाकाकू भाजी-भाकरी आणून देत, बाकीचं त्या डाव्या हाताने रेटत. संध्याकाळी त्यांनी पट्टा डाव्या हाताने भिंतीकडे सरकवला. तो चिकटला. एवढं मात्र त्यांना अजूनही कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"सरकारने समिती नेमली आहे," शाल्मली म्हणाली. "मी सांगणार आहे की पंपांना वेगळी पिन हवी. दुसऱ्या कशालाच न लागणारी."

छायाताई बराच वेळ शब्द गोळा करत होत्या. "शैलाचा... फोन लागंल तिला?"

"नाही. म्हणून तर ती सुरक्षित."

"मग... परत पडले तर?"

"परत पडायची वेळच येणार नाही."

"नगं करू," छायाताई म्हणाल्या. "ह्यो... बरा हाय. एकदा चुकलं. तू... भ्यालीयास."

शाल्मली भ्यालीच होती. पण आपण भ्यालो आहोत म्हणून हे करतो आहोत असं कुणाला वाटतं? तिला वाटलं, आई मला वाचवायला बघते आहे, माझं नाव खराब होऊ नये म्हणून. तिने आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुण्याला परतली.

समितीपुढे ती तासभर बोलली. बाण कुणी काढला हेही तिने स्वतःहून सांगितलं. आपल्याच मालाविरुद्ध बोलणारी बाई म्हणून तिचा फोटो सगळीकडे झळकला. कंपनीतली माणसं तिला टाळू लागली, निरंजन जेवायला वेगळा बसू लागला. तिने ते सगळं सोसलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात थोडं बरंही वाटत होतं. शिक्षा झाल्यासारखं.

समितीने तिचं म्हणणं पूर्ण मानलं. नवी पिन टणक होती. तिला एका अंगाला खाच होती, त्यामुळे ती एकाच बाजूने जाई. पट्टा हलू नये असा घट्ट धरायचा, पिनेच्या दोन्ही कडा चिमटीत दाबायच्या आणि टक् असा आवाज येईपर्यंत आत लोटायची. एकदा बसली की धक्क्याने निघणं अशक्य. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ती लागत नसे आणि दुसरं काही तिला लागत नसे. चाचणी नर्सांवर झाली, रोग्यांच्या नातेवाइकांवर झाली, धडधाकट हातांच्या काही रोग्यांवर झाली. एरवी दुसऱ्या कुणी असली चाचणी आणली असती तर शाल्मलीने ती परत पाठवली असती. पण समितीला घाई होती आणि तिला समितीहून जास्त. रोज कुठल्यातरी देवळात कुणीतरी पट्टा स्पीकरला लावतं आहे असं तिला दिसे. सरकारी आदेश निघाला. देशभरचे जुने पट्टे दवाखान्यात जमा करायचे, नवे घ्यायचे. कारखान्यांनी साचे पाडले, आणि एकदा ठरलेली पिन निदान पाच-सहा वर्षं बदलायची नाही असं आदेशातच लिहिलं होतं. ते कलमही शाल्मलीनेच सुचवलेलं होतं. कंपन्यांनी मागल्या दाराने परत सैल काही आणू नये म्हणून.

छायाताईंचा पट्टा बदलायला तीच त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. नर्सने नवा पट्टा बांधला, पिन लावून दाखवली. टक्. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. येताना गाडीत ती खूप बोलत होती, आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी आल्यावर नवी वायर तिने पलंगाशेजारच्या भिंतीत बसवली.

"लावून बघ," ती म्हणाली, आणि समोर खुर्चीत बसली.

छायाताईंनी डाव्या हातात पिन घेतली. पट्टा धरायला दुसरा हात लागत होता. त्यांनी पिन पट्ट्यावर टेकवली तसा पट्टा मागे सरकला. त्यांनी पट्टा पलंगाच्या कडेला दाबून धरला आणि पिन पुन्हा टेकवली. उलटी होती. फिरवायला गेल्या तर हातातून पडली. वाकून उचलायला वेळ लागला. मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि पट्ट्यावर ठेवला, वजनासारखा. पिन खाचेशी आली. कडा दाबल्या. उजवा हात आपोआप घसरला आणि त्याने पिन बाजूला लोटली.

चाचणी घेणाऱ्याने मदत करायची नाही, हात मांडीवर ठेवायचे, हे शाल्मलीच्या अंगात मुरलेलं होतं. ती तशीच बसून राहिली. आईचा हात कुठे अडतो आहे हे तिला नेमकं दिसत होतं, आणि या हाताला ही पिन कधीही लागणार नाही हेही दिसत होतं. सरावाने नाही, जिद्दीने नाही. आजवर तिने शेकडो हात पाहिले होते. असा एकही हात तिने त्या चाचणीत बसवला नव्हता.

पिन पुन्हा पडली. ती उठली.

"थांब," छायाताई म्हणाल्या. त्यांनी आणखी एकदा करून पाहिलं, सावकाश, जीभ दातांत धरून. कपाळावर घाम आला. मग त्या थांबल्या. चिडल्या नाहीत. पिन त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवली.

"लाव तू."

शाल्मलीने दोन्ही हातांनी पिन लावली. टक्.

"आई, मी त्यांना सांगते," ती घाईघाईने म्हणाली. "एका हाताने लागेल असं काहीतरी करायला लावते. कागद पाठवते उद्याच."

"कवा... येईल?"

शाल्मलीला आदेशातलं ते कलम आठवलं. "वेळ लागेल."

"शैला... रोज दोनदा यायची व्हय? तिलाबी... सून हाय, घर हाय." छायाताई थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. जुना सांधा काढला होता तिथे पोपडा निघाला होता. "तुझ्या तिथं... गॅलरी हाय न्हवं?"

"आहे."

"ऊन येतंय?"

"सकाळचं येतं." शाल्मली पलंगावर आईजवळ येऊन बसली. "आई, तू नको म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

"ऱ्हाऊ दे," छायाताई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने उशीखाली चाचपून घराची किल्ली काढली आणि पुढे केली. "शैलाला... हाक मार. घर तिला... उघडून झाडायला सांग. मधनंमधनं."

शाल्मली दारात गेली. शैलाकाकू समोरच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. "काय गं शालू, बसली का पिन?" त्यांनी हसून विचारलं.

"बसली," शाल्मली म्हणाली, आणि किल्ली द्यायला पायरी उतरली.